जिनिव्हातला करार चाकणपर्यंत पोचतो कसा?

चाकण-रांजणगाव पट्ट्यात जर्मन गाड्यांचे सुटे भाग बनवणारे जे लहान-मध्यम कारखाने आहेत, तिथल्या एचआरवाल्यांच्या मागे अलीकडे एक नवं झंझट लागलंय. गिऱ्हाईक कंपनीकडून एक्सेलची लांबलचक शीट येते. पिण्याच्या पाण्याची सोय आहे का, आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे किती, असले सरळ प्रश्न झाले की मध्येच एक ओळ येते: ‘आयएलओ करार क्र. ८७ व ९८ यांचे पालन होते का?’ समोर पर्याय तीन. हो, नाही, लागू नाही. मग ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. ‘सर, हो टाकून देऊ ना? भारताने सही केलेलीच असणार.’

आयएलओ म्हणजे जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, आणि हे दोन करार युनियन काढण्याच्या आणि सामुदायिक वाटाघाटींच्या हक्कांचे. भारताने ते दोन्ही मंजूर केलेले नाहीत. तरी ‘लागू नाही’ हे उत्तरही चुकीचंच ठरतं. असं का, हे कळायला आंतरराष्ट्रीय करार देशात शिरतो कसा, आणि कुठे कुठे अडकतो, हे बघावं लागतं.

शीट कुठून आली ते आधी सांगतो. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे माणसांचे हक्क पाळले जातात का यावर लक्ष ठेवायचं, असा त्याचा गाभा. कायद्याच्या परिशिष्टात करारांची यादी आहे आणि तीत ८७ आणि ९८ आहेत. म्हणजे दिल्लीने न स्वीकारलेला करार व्हाया जर्मनी चाकणला येऊन बसला.

आता मुळाशी जाऊ. माणसांच्या हक्कांचे करार मुख्यतः दोन घराण्यांतले. एक संयुक्त राष्ट्रांचं. त्यात नागरी व राजकीय हक्कांचा करार, आर्थिक-सामाजिक-सांस्कृतिक हक्कांचा करार (दोन्ही १९६६ चे, भारत १० एप्रिल १९७९ ला सामील), स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार (भारताची मंजुरी १९९३), बालहक्क करार (१९९२), अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार (२००७) हे मोठे. दुसरं घराणं आयएलओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं. ते वयाने थोरलं. १९१९ ला पहिल्या महायुद्धाच्या तहातून जन्मलेलं. पारतंत्र्यात असूनही भारत त्याचा संस्थापक सदस्य आहे.

इथे पुण्याचा एक धागा आहे. त्या वर्षी वॉशिंग्टनला पहिली कामगार परिषद भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने ना. म. जोशींना पाठवलं. जोशी डेक्कन कॉलेजात शिकलेले आणि गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य. माणूस सच्चा होता, पण कामगारांचा प्रतिनिधी सरकारने का निवडायचा, हा प्रश्न उरलाच. पुढच्या वर्षी मुंबईत आयटक स्थापन झाली त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक होतं: जिनिव्हाला कोण जाणार हे कामगारांनी ठरवायला देशपातळीवरची संघटना हवी होती.

त्या पहिल्या परिषदेत पहिला करार झाला, दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. भारताने तो १९२१ मध्ये मंजूरही केला. पण कराराच्या पोटात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक खास कलम घातलेलं होतं, त्यात आठवडा साठ तासांचा. म्हणजे आठ तासांचा करार मंजूर आणि गिरणीत तास साठ, दोन्ही एकाच वेळी खरं. करार वाचताना पोटकलमं आधी वाचायची सवय लावून घ्यावी, ती अशामुळे.

सही आणि मंजुरी यांत लोक हटकून गोंधळ करतात. सही म्हणजे साखरपुडा आणि मंजुरी म्हणजे लग्न. सही केली की कराराच्या उद्देशाला हरताळ फासणारं काही करायचं नाही, एवढंच बंधन. पालनाची जबाबदारी मंजुरीनंतर. भारताचा सगळ्यात लांबलेला साखरपुडा म्हणजे छळविरोधी करार. १९९७ च्या ऑक्टोबरात सही झाली, मंजुरी अजून नाही. छळाचा वेगळा गुन्हा ठरवणारं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत पास झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात मंजुरीची शिफारस केली, सोबत विधेयकाचा मसुदाही जोडला. तरी गाडी तिथेच. याची किंमत मोजावी लागत नाही असंही नाही. पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातल्या आरोपीला भारताच्या ताब्यात द्यायला डेन्मार्कच्या कोर्टाने २०११ मध्ये नकार दिला. कारण, तिथे त्याचा छळ होईल अशी भीती. करार मंजूर असता तर निकाल फिरलाच असता असं म्हणवत नाही, पण आपल्या वकिलांच्या हातात दाखवायला काहीतरी कागद असता.

आयएलओच्या करारांत हा साखरपुड्याचा टप्पाच नाही. सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी जिनिव्हाच्या परिषदेत मतदान करतात, दोन तृतीयांश मतं पडली की करार तयार. मग प्रत्येक देशाने मंजूर करायचा किंवा नाही करायचा. भारताने आजवर ४७ करार आणि १ पूरक करार मंजूर केलाय. तो एकुलता पूरक करार बायकांच्या रात्रपाळीबद्दलचा. मूळ करार कारखान्यांत बायकांना रात्री कामाला मनाई करणारा, आणि पूरक करार त्या मनाईला सवलती देणारा.

मंजूर केला म्हणून करार कोर्टात चालतो का? आपल्याकडे थेट नाही. करार करायचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि त्यासाठी संसदेत मतदान घ्यावं लागत नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो. पण त्यातून कुणाचे हक्क बदलणार असतील, कुणाला शिक्षा होणार असेल, तर संसदेचा कायदा हवा. घटनेचं कलम २५३ संसदेला इथे मोठी मुभा देतं: कराराच्या अंमलासाठी ती राज्यांच्या यादीतल्या विषयावरही कायदा करू शकते. शिवाय कलम ५१ म्हणतं की राज्यसंस्थेने आंतरराष्ट्रीय कायदा आणि करारांबद्दल आदर वाढवण्याचा प्रयत्न करावा. पण ते मार्गदर्शक तत्त्वांतलं कलम, त्याच्या जोरावर दावा लावता येत नाही.

मात्र कोर्टांनी यातून एक वाट काढली. देशातला कायदा एखाद्या विषयावर गप्प असेल आणि करार घटनेच्या विरोधात जात नसेल, तर घटनेचा अर्थ लावताना करार वाचायचा. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे विशाखा खटला. राजस्थानात सरकारी योजनेत काम करणाऱ्या एका साथिनीवरच्या अत्याचारानंतर सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न आला, कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर कायदा काय सांगतो? कायदा नव्हताच. ऑगस्ट १९९७ मध्ये कोर्टाने स्त्रियांविषयीच्या कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कायदा होईपर्यंत याच कायदा समजा, असं सांगितलं. संसदेचा कायदा आला २०१३ मध्ये. आज हिंजवडीतल्या कंपनीत जी अंतर्गत समिती असते, भिंतीवर जिच्या सदस्यांची नावं लावलेली असतात, ती या वाटेने आली.

करार मंजूर करताना देश त्याला चिकटवतो त्या चिठ्ठ्याही वाचण्यासारख्या असतात. हे आम्हाला अमुक अर्थाने मान्य, ते कलम आम्हाला घटनेच्या चौकटीतच मान्य, असं त्यात लिहिलेलं असतं. १९७९ मध्ये नागरी हक्कांचा करार स्वीकारताना भारताने लिहून दिलं की बेकायदा अटक झालेल्याला सरकारकडून भरपाई मिळण्याचा हक्क आमच्या कायद्यात नाही. चारच वर्षांनी, १९८३ मध्ये, निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या बिहारमधल्या एका माणसाला सुप्रीम कोर्टाने सरकारकडून भरपाई देवविली. पुढे डी. के. बसू खटल्यात कोर्टाने सांगूनच टाकलं की या चिठ्ठीला आता अर्थ उरलेला नाही. चिठ्ठी मात्र अजून संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी आहे. कागद एकीकडे आणि कायदा दुसरीकडे असं नेहमी वाईटच अर्थाने होतं असं नाही, इथे कायदा पुढे गेला.

बालकामगारांच्या बाबतीत चाल उलटी होती. बालहक्क करार १९९२ मध्ये स्वीकारताना भारताने चिठ्ठी लावली की कामाच्या किमान वयाची अट आम्ही टप्प्याटप्प्याने अमलात आणू. आयएलओचे त्याविषयीचे दोन करार, किमान वयाचा १३८ आणि सर्वांत घातक बालमजुरीचा १८२, मंजूर व्हायला जून २०१७ उजाडलं. कारण दिल्लीचं एक ठरलेलं धोरण आहे: आधी देशातला कायदा कराराच्या मापाचा करायचा, मगच मंजुरी. २०१६ ला बालकामगार कायदा सुधारला. चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायचं नाही, चौदा ते अठरा वयात धोक्याचं काम नाही. त्यानंतर मंजुरी.

पण सुधारणेत एक फट ठेवली. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत चालते, काम धोक्याचं नसलं म्हणजे झालं. स्वारगेटजवळच्या चहाच्या टपरीवर दहा वर्षांचा मुलगा ग्लास विसळताना दिसला तर तो मालकाचा मुलगा आहे की कामाला ठेवलेला बारक्या, यावर सगळं ठरतं. आणि संध्याकाळी पाच वाजता टपरीसमोर उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्याला ‘माझा भाचाच आहे, साहेब’ एवढंच ऐकायला मिळतं. व्याख्येत काका, आत्या, मामा, मावशी सगळे बसतात. माझ्या मते ही सवलत शेतकरी कुटुंबांचं नाव पुढे करून दिली आणि तिचा फायदा शहरातल्या टपरीवाल्यांनी उचलला.

करार आणि शिफारस यांतला फरक समजायला मार्केट यार्डसारखी जागा नाही. आयएलओचा करार १२७ ओझ्याबद्दल आहे, भारताने तो २०१० मध्ये मंजूर केला. त्यात म्हटलंय की ज्या वजनाने कामगाराच्या तब्येतीला किंवा सुरक्षेला धोका होईल असं ओझं त्याला वाहायला लावू नये. किती किलो? आकडा करारात नाही. तो जोडीच्या शिफारशीत आहे, प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो. शिफारस मंजूर करायची नसतेच, ती फक्त वाट दाखवते. आता यार्डात जाऊन बघा. पाठीवर पोतं घेतलेला हमाल फळीवरून ट्रकमध्ये चढतो तेव्हा वजन मानेवर आणि कमरेवर येतं. एकेकाळी ते पोतं क्विंटलभराचं असायचं. ते ५० किलोवर आलं ते हमाल पंचायतीसारख्या संघटना आणि बाबा आढावांसारखी माणसं वर्षानुवर्षं भांडली म्हणून. माथाडी कायदा तर १९६९ चा, या मंजुरीच्या चार दशकं आधीचा. जिनिव्हातून हक्क येतात आणि आपण ते राबवतो, हे चित्र निदान पुण्यात तरी फारसं खरं नाही. घरकामगारांचा करार १८९ जिनिव्हात २०११ ला झाला, भारताने तो मंजूर केलेला नाही. पुण्यातल्या मोलकरणी १९८० मध्येच संपावर गेल्या होत्या आणि राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे.

आता ८७ आणि ९८. पहिला सांगतो, कामगारांना आणि मालकांनाही आधी कुणाची परवानगी न घेता आपल्या पसंतीची संघटना काढता आली पाहिजे. दुसरा सांगतो, युनियन केली म्हणून नोकरीवरून काढता येणार नाही, आणि सामुदायिक वाटाघाटींना सरकारने चालना द्यावी. दोन्ही आयएलओच्या मूलभूत करारांत मोडतात. अमेरिका आणि चीन यांनीही ते मंजूर केलेले नाहीत, तेव्हा आपण एकटे नाही, पण ही काही मिरवायची सोबत नव्हे.

न स्वीकारण्याचं कारण सरकार वर्षानुवर्षं एकच देत आलंय. सरकारी नोकरांना सेवाशर्तींनुसार संप करता येत नाही, सरकारी धोरणावर उघड टीका करता येत नाही. करार स्वीकारला तर हे सगळं द्यावं लागेल. मला हे कारण अर्धंच पटतं. सैन्य आणि पोलिसांना किती लागू करायचं हे ८७ देशावरच सोडतो. ९८ तर राज्यकारभार चालवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना स्वतःहून बाजूला ठेवतो. संप हा शब्द ८७ मध्ये कुठेच नाही. तो हक्क त्यात अध्याहृत आहे की नाही यावर मालक आणि कामगार गटांत इतकं जुंपलं की आयएलओने नोव्हेंबर २०२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे मत मागितलं. सरकारची अडचण कारकुनांची असेल तर चाकणच्या कंत्राटी कामगाराने तिची झळ का सोसायची, याचं उत्तर कुणी देत नाही.

मंजुरी नाही म्हणजे जबाबदारी नाही, असंही नाही. १९९८ च्या आयएलओ जाहीरनाम्यानुसार मूलभूत तत्त्वांचा मान राखणं हे सदस्य असण्यातच आलं. १९५१ पासून संघटना स्वातंत्र्याची एक समिती आहे, ती करार मंजूर न केलेल्या देशाविरुद्धची तक्रारही ऐकते. शिवाय महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटनांच्या मान्यतेचा आणि अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. युनियनचा सभासद झाला म्हणून कुणाला काढणं ही त्यात अनुचित प्रथा. ९८ चा अर्धा आशय आपल्याकडे मंजुरीविनाच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली औद्योगिक संबंध संहिता म्हणते की ५१ टक्के कामगार पाठीशी असलेली युनियनच एकटी वाटाघाटी करणार, संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी, आणि निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तर तोही संपच.

म्हणून एचआरवाल्यांना मी सांगतो, शीटमधला प्रश्न देशाला नाही, तुमच्या गेटच्या आतल्या कारभाराला विचारलाय. गेल्या वर्षभरात युनियनच्या अर्जावर सही केलेल्यांपैकी किती जणांची बदली झाली, किती जणांचं कंत्राट ‘संपलं’, हे हजेरीच्या रजिस्टरवरून तपासा आणि जे असेल ते लिहा. न तपासता टाकलेलं ‘हो’ पुढे ऑडिटमध्ये अंगाशी येतं.

मंजूर केलेला करारही कसा निसटतो, याचा नमुना म्हणजे ८१, कामगार निरीक्षणाचा. १९४९ चीच मंजुरी. निरीक्षकाला पूर्वसूचना न देता, दिवसा-रात्री केव्हाही कारखान्यात शिरता यावं, असं तो स्पष्ट सांगतो. नव्या संहितांत निरीक्षकाचा ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ झालाय आणि कुठे तपासणी करायची हे संगणक निवडणार. मालकांची तक्रार होती की निरीक्षक म्हणजे पाकीट, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण पत्र्याच्या शेडमधल्या प्रेसवर कुणाची बोटं गेली तर संगणकाच्या यादीत त्या शेडचं नाव येईपर्यंत थांबायचं का? आयएलओची तज्ज्ञ समिती भारताला या विषयावर पुन्हा पुन्हा विचारते आहे. आणि एक बारीक गोष्ट: मंजुरीच्या वेळी भारताने या कराराचा व्यापारी आस्थापनांचा भाग वगळला होता. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानातली सेल्सगर्ल दिवसभर उभी असते, तिच्यापर्यंत हा करार पोचतच नाही.

पाळलं नाही तर होतं काय? जिनिव्हाहून पोलीस येत नाहीत. अहवाल द्यावे लागतात, प्रश्न विचारले जातात, सगळं छापून जाहीर होतं. आयएलओच्या मूलभूत करारांवर साधारण दर तीन वर्षांनी अहवाल, बाकीच्यांवर सहा वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांकडे भारताचं वेळापत्रक ढिसाळ आहे: नागरी हक्कांच्या करारावर १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये सुनावणी झाली. आणि या करारांखाली एखाद्या नागरिकाने थेट समितीकडे तक्रार करायची जी सोय असते, ती देणारे पूरक करार भारताने स्वीकारलेले नाहीत.

म्हणून करण्यासारखं जे आहे ते असं. आयएलओच्या घटनेनुसार सरकारने अहवालाची प्रत प्रातिनिधिक कामगार संघटनांना द्यायचीच असते. संघटना आपलं म्हणणं थेट जिनिव्हाला पाठवू शकते, साधारण १ सप्टेंबरच्या आत. त्यात भाषणबाजी नको. कारखाना, तारीख, काय घडलं, कुठल्या अधिकाऱ्याकडे अर्ज दिला, पोच कुठे आहे, एवढं पुरतं. संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांना स्वयंसेवी संस्थाही पर्यायी अहवाल देतात. एकट्या माणसाला जवळचं दार म्हणजे मुंबईतला राज्य मानवी हक्क आयोग. १९९३ च्या ज्या कायद्याने हे आयोग आले, त्यात मानवी हक्कांच्या व्याख्येतच आंतरराष्ट्रीय करार धरलेले आहेत, भारतातल्या कोर्टांत अमलात आणता येतील एवढ्यापुरते. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. घटनेला एक वर्ष उलटून गेलं असेल तर आयोग चौकशी करत नाही, तेव्हा लिहायला बसण्याआधी तारीख बघा.